मावा, मिश्री आणि मिस्ड कॉल: प्रकल्प नोंदी (इचलकरंजी, पावसाळा २०२४)

२४ जून, सोमवार

आजपासून रोजच्या नोंदी लिहायच्या ठरवल्या कारण मागच्या महिन्यात कोण काय बोललं ते कुणालाच धड आठवत नाहीये, ट्रस्टवाल्यांनी विचारलं की आम्ही तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघतो. तर काम असं आहे: दात तपासणीच्या शिबिरात ज्यांनी ज्यांनी तंबाखू किंवा मावा (सुपारी-तंबाखू-चुना रगडलेला) "सोडायची हाय ओ, सुटंना" म्हणून सांगितलं त्यांचे नंबर आपल्याकडे आहेत, त्यांना फोनवरून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून तीन महिने सोबत करायची. टीम म्हणजे मी, रिटायर झालेले एक मास्तर (स्वतः २२ वर्षं तंबाखू मळून सोडलेले, त्यामुळं आमच्यात खरे एक्स्पर्ट तेच), आणि सिम, शीट, मेसेज बघणारा एक पोरगा. दाताच्या डॉक्टर मॅडम बुधवारी तासभर येतात.

कुणाचंही नाव इथं लिहायचं नाही, नंबर पाडलेत. क-१, क-२ असे.

२६ जून, बुधवार

स्क्रिप्ट फेकून दिली. म्हणजे पूर्ण नाही, पण निम्मी. ती मुळात सिगारेटसाठी लिहिलेली कुठली तरी इंग्रजी स्क्रिप्ट कुणीतरी मराठी केलेली होती, "तुम्ही दिवसातून किती वेळा धूम्रपान करता" च्या जागी "तंबाखूसेवन करता" एवढाच फरक. आपल्याकडं २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्व्हेत महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्के निघाले आणि खाणारे-लावणारे २४.४ टक्के, म्हणजे ओढणाऱ्यांच्या सहापटीपेक्षा जास्त, तरी सगळं साहित्य धुराचंच. फुप्फुसाचा फोटो घेऊन मी मावावाल्याला काय सांगू.

आज क-९ ला विचारलं दिवसाला किती वेळा, तर म्हणाला "मोजलं न्हाई ताई, तोंड मोकळं कवा असतंय ते इचारा". हाच प्रश्न बरोबर आहे! आता स्क्रिप्टमध्ये असंच विचारायचं: दिवसाला पुड्या किती, एक पुडी किती वेळ पुरते, झोपताना तोंडात असते का, उठल्यावर किती मिनिटांत पहिला बार भरता, आणि रस गिळता का थुंकता. शेवटचा प्रश्न मला आधी किळसवाणा वाटला होता पण डॉक्टर मॅडम म्हणाल्या तो ठेवाच, गिळणाऱ्याची सवय बहुतेक जास्त घट्ट असते.

आणि त्यावरूनच एक गोष्ट कळली जी मला माहीतच नव्हती. क-९ यंत्रमागावर आहे, चार माग बघतो. म्हणाला कापडावर पिंक पडली तर पीस डॅमेज, मालक पैसे कापतो, म्हणून मागावरचे बरेच जण गिळतात. थुंकायला बाहेर जावं तर तेवढ्यात धागा तुटतो. म्हणजे ह्या लोकांची सवय घट्ट का, त्याचं अर्धं उत्तर कापडात आहे.

१ जुलै, सोमवार

३८ जणांना फोन केले, उचलले १५ जणांनी. पोरगा म्हणाला आपला नंबर लोन विकणाऱ्यांसारखा दिसतो. खरंच दिसतो, कारण नंबर ओळखणाऱ्या एका अ‍ॅपवर कुणीतरी आपल्याला स्पॅम म्हणून टाकलंय, लाल स्क्रीन येते. दोन तास त्यातच गेले. उपाय साधा निघाला, शिबिरातच त्यांच्या फोनमध्ये आपला नंबर "तंबाखू ताई" नावाने सेव्ह करून द्यायला पाहिजे होता. आता मास्तर एकेकाच्या कारखान्यावर जाऊन तेच करतायत.

ज्यांनी उचलला त्यातले बरेच मागावर होते. यंत्रमागाच्या आवाजात फोनवर बोलणं म्हणजे नुसतं "आँ? आँ?". त्यामुळं कॉल पाळी बदलायच्या वेळी, नाहीतर मेसेज. व्हॉइस मेसेज पण कामाचा नाही, लिहिलेलाच पाहिजे, मोठ्या अक्षरात.

४ जुलै, गुरुवार

मेसेजचं गणित. साधा एसएमएस इंग्रजी अक्षरात १६० अक्षरांचा असतो, देवनागरीत केला की ७० वर येतो, त्यात काना मात्रा वेलांटी सगळं वेगळं मोजतात. म्हणजे "तंबाखू" मध्येच सहा गेली. मी लिहिलेला पहिला मेसेज पाच एसएमएसचा झाला, पाचपट पैसे, आणि एकानं सांगितलं की तुकडे मागंपुढं आले, आधी "अभिनंदन" आलं मग "आज सोडा". वर डीएलटी, म्हणजे घाऊक मेसेज पाठवणाऱ्यांना करावं लागतं ते रजिस्ट्रेशन, प्रत्येक मेसेजचा नमुना आधी मंजूर करून घ्यायचा, त्यातला एक शब्द बदलला तरी परत रांगेत.

म्हणून ठरलं: एसएमएस फक्त साधा फोन असलेल्यांना आणि तो ७० च्या आतच. मास्तरांनी बसून लिहिले. "तलफ आली? पाणी प्या. दहा मिनिटं थांबा." हा बसतो. "आज चुन्याची डबी घरी ठेवून जा." हा पण बसतो. मास्तरांचे मेसेज माझ्यापेक्षा चांगले आहेत हे मान्य करते, चाळीस वर्षं फळ्यावर लिहिलेलं दिसतं.

९ जुलै, मंगळवार

एकानं सरळ विचारलं की सरकारी नंबर असताना तुम्ही कशाला. प्रश्न चुकीचा नाही. राष्ट्रीय क्विटलाईन (तंबाखू सोडायला मदत करणारी फोनसेवा) १८००-११-२३५६ आहे, फुकट आहे, २०१६ ला दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाली, २०१८ नंतर मुंबईत टाटा मेमोरियलकडं पण केंद्र आहे, आपण सगळ्यांना तो नंबर देतोच. आणि २०१८ पासून तो तंबाखूच्या पुडीवर छापलेला असतो.

पण इथं गोम आहे. मावा पुडीवर छापून येत नाही. टपरीवाला सुपारी, तंबाखू, चुना समोर प्लास्टिकच्या तुकड्यात रगडून देतो, वर रबर. त्यावर ना कॅन्सरचा फोटो, ना नंबर. (कागदावर मावा बंदच आहे महाराष्ट्रात, गुटख्यासारखाच. टपरीवर विचारून बघा.) दाताला लावायची मिश्री तर तंबाखू घरातच तव्यावर भाजून करतात. म्हणजे पाकिटाच्या ८५ टक्के भागावर इशारा वगैरे जे काय आहे ते आपल्या लोकांच्या हातात येतच नाही, आलं तरी नंबर बघून स्वतः फोन लावणारा माणूस वेगळा आणि "सुटंना" म्हणून गप्प बसणारा वेगळा. आपलं काम ह्या दुसऱ्याला आपणहून फोन करायचं. एवढंच.

शिवाय क्विटलाईन सोमवारी बंद असते. सोमवार आपला.

१२ जुलै, शुक्रवार

बायकांच्या यादीत घोळ सापडला. शिबिराच्या फॉर्मवर "तंबाखू खाता का" ला २६ पैकी २३ बायकांनी "नाही" वर टिक केलेली. आणि ह्याच बायका दात तपासताना काळ्या हिरड्या घेऊन बसल्या होत्या. मी आज क-३१ मावशींना फोन केला, त्यांना म्हटलं तुम्ही तंबाखू खात नाही ना, तर म्हणाल्या "छ्या, देवाची शपथ, तंबाखू कशाला खाऊ". मग म्हटलं मिश्री? "मिश्री व्हय, ती लावते की. सकाळ, जेवल्यावर, चार वाजता, निजताना. ती काय खायची असती व्हय."

त्यांच्या दृष्टीनं खोटं काहीच नाही. मिश्री लावतात, दाताला, बोटानं. खातात ते गडी. फॉर्म आपला चुकलाय. सगळ्या २३ जणींना परत फोन, प्रश्न एकच, "मिश्री लावता का, किती वेळा". पोराला शीटमध्ये वेगळा रकाना करायला सांगितला.

१६ जुलै, मंगळवार

क-३१ मावशींचा मामला अवघड आहे. फोन नातवाचा. तो कॉलेजला गेला की फोन गेला. संध्याकाळी केला तर नातू म्हणतो "आजी, तुझ्या मिश्रीच्या मॅडम" आणि सगळं घर हसतं, मावशी लाजून ठेवून देतात. सुनेचा फोन आहे पण सुनेलाही मिश्री, दोघींची एकच डबी. मी म्हटलं मग दोघी मिळून सोडा की. मावशी म्हणाल्या "ती सोडंल वो, मला परसाकडं होणार न्हाई".

हे कारण आज तिसरीनं सांगितलं, आणि ह्याला हसायचं नाही. निकोटिननं आतडं हलतं, सोडल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ होतंच, ते सोडण्याच्या त्रासातलंच एक आहे. नुसतं "तो तुमचा गैरसमज आहे" म्हटलं की बाई गेली हातातून. उठल्यावर कोमट पाणी दोन तांबे, रात्री भिजवलेले मनुके, भाकरीबरोबर पालेभाजी जास्त, आणि पंधरा दिवसांत पोट आपलं आपण लायनीवर येतं असं सांगायचं.

१७ जुलै, बुधवार

आषाढी. ऑफिस बंद. तरी दोघांनी ग्रुपवर "आजपासून सोडली" टाकलं. कुणी सांगितलं नव्हतं.

ह्यावरून मास्तरांच्या डोक्यात आलं: सोडायची तारीख आपण कशाला देतोय. श्रावण ५ ऑगस्टला लागतोय, सोमवारीच. मटण सुटतं, दारू सुटते, दाढी सोडतात, त्यातच मावा बसवायचा. लोकांना एक महिना काहीतरी सोडायची सवय आहे, घरचे पण धरून असतात. मला आधी शंका आली की मग श्रावण संपला की परत धरतील. मास्तर म्हणाले "धरतील तवा बघू, आधी सुटू तर दे".

२२ जुलै, सोमवार

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ४४ जण. अडचणी: (१) गुड मॉर्निंग. (२) एकानं ताज्या माव्याचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं "ह्याला कायमचा रामराम", हेतू चांगला, पण तो फोटो बघून तिघांना तलफ आली आणि त्यातला एक टपरीवर गेला. आता नियम, पुडीचा फोटो नाही, डबीचा नाही, वास-चव वर्णन नाही. एकच नियम असला तरी चालेल पण हा पाहिजेच.

बायकांचा ग्रुप वेगळा केला. मोठ्या ग्रुपवर एकही बाई एक अक्षर बोलली नव्हती.

२६ जुलै, शुक्रवार

पंचगंगेचं पाणी वाढलंय, नदीकाठचे लोक सामान हलवतायत. आज कुणालाही सोडण्याबिडण्याचं विचारलं नाही, फक्त बरे आहात का. सात जणांनी आपणहून सांगितलं की ह्या चार दिवसांत जास्त झाली. लिहून ठेवलं, बोललो नाही काही.

३१ जुलै, बुधवार

डॉक्टर मॅडमचा दिवस. गमवर एक तास.

निकोटिनचा २ मिलिग्रॅमचा गम मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतो. सिगारेटवाल्यांना तो कसा खायचा हे शिकवावं लागतं, च्युइंगगमसारखा चावत बसले की सगळं पोटात जातं आणि उचकी, मळमळ. चार-सहा वेळा चावायचा, झिणझिण आली की गालात दाबून ठेवायचा, झिणझिण गेली की परत. आपल्या लोकांना हे शिकवायला दोन मिनिटं लागली. क-१२ म्हणाला "म्हंजे बारच भरायचा की". बरोबर. फक्त आधी पंधरा मिनिटं चहा नको, चहानं तोंड आंबट होतं आणि निकोटिन नीट शोषलं जात नाही. तंबाखूला चुना लावतात तो उलट ह्याच्यासाठीच, चुन्यानं निकोटिन मोकळं होऊन पटकन अंगात जातं. मास्तर म्हणाले २२ वर्षं चुना लावला, का लावतो ते आज कळलं.

पण माव्याच्या सुपारीनं ज्यांचं तोंड उघडत नाही त्यांना गम द्यायचा नाही, चावताच येत नाही, त्यांना अंगाला चिकटवायचा निकोटिनचा पॅच, तोही मॅडम बघून सांगतील. फोनवर तपासायची युक्ती: "तुमचीच तीन बोटं उभी करून तोंडात जातात का बघा". आज अकरा जणांना विचारलं. चौघांची दोनच जातात. एकाचं दीड. पाचही जणांना पुढच्या बुधवारी बोलावलंय, कुणाला कॅन्सरचं नाव घेऊन घाबरवायचं नाही असं ठरलंय पण दीडवाल्याच्या बायकोला मी वेगळा फोन केला. बरोबर केलं का माहीत नाही.

४ ऑगस्ट, रविवार

गटारी. हे आम्ही विसरलो होतो! उद्यापासून सोडायचं म्हणून आज ग्रुपवरचे निम्मे लोक शेवटचं म्हणून दाबून खातायत, वर प्यालेत. रात्री साडेअकराला क-९ चा फोन, "ताई उद्यापास्नं बंद, आज पाच पुड्या झाल्या, सांगून ठेवतो". मी म्हटलं सहावी खिशात आहे का. गप्प. मग म्हणाला "हाय". ती गटारात टाकायला लावली फोन चालू ठेवून. गटारी साजरी झाली म्हणायची.

५ ऑगस्ट, सोमवार

सोडायचा दिवस. ६३ जणांना कॉल, तिघांनी मिळून, सकाळी ७ ते रात्री ९. घसा बसलाय.

८ ऑगस्ट, गुरुवार

तिसरा-चौथा दिवस सगळ्यात वाईट असतो असं आम्ही सांगून ठेवलं होतं आणि तसंच झालं. डोकं दुखतंय, झोप नाही, चिडचिड, बायकोवर ओरडलो, तोंडात काहीतरी पाहिजे. तलफ काही मिनिटांत ओसरते हे लोकांना पटत नाही, म्हणून घड्याळ लावून फोनवरच थांबायचं. क-१२ बरोबर मी नऊ मिनिटं थांबले, तो पाऊस किती आहे हे सांगत होता, मग म्हणाला "गेली बघा". काहीच सल्ला दिला नाही. नुसती लाईनवर होते.

बडीशेप, लवंग, भाजलेले फुटाणे चालतील. बिनतंबाखूची सुपारी चालणार नाही, हे दिवसातून दहा वेळा सांगावं लागतं. "तंबाखू न्हाई त्यात" म्हणून मिरवतात. सुपारी एकटीही कॅन्सर करते आणि तोंड तर तिच्यानंच मिटतं.

१३ ऑगस्ट, मंगळवार

मावशींसाठी (क-३१) वेळ सापडली. सकाळी पावणेसहा. नातू झोपलेला, फोन उशाला, मावशी चूल पेटवायला उठलेल्या आणि नेमकी तीच मिश्रीची वेळ. मी गजर लावून उठते, एक रिंग देते, त्या बाहेर ओट्यावर येऊन बोलतात. तीन-चार मिनिटं. आज म्हणाल्या चारवरनं दोनवर आले, सकाळची आणि निजतानाची राहिलीय. तारखेला एकदम तोडायचं असं आपली पद्धत सांगते पण ह्यांचं कमी कमी करत चाललंय, मी अडवलं नाही. सून अजून भाजते. भाजल्याचा वास आला की जीव जातो म्हणाल्या, म्हणून सुनेशी पण बोलले, ती म्हणाली शेजारणीकडं जाऊन भाजते. काय म्हणावं!

१९ ऑगस्ट, सोमवार

राखीपौर्णिमा. बायकांच्या ग्रुपवर एकीनं टाकलं की भावाला ओवाळणीत पैसे नको, मावा सोड म्हटलं. भाऊ म्हणाला तू मिश्री सोड. दोघांचे नंबर आलेत.

२८ ऑगस्ट, बुधवार

ट्रस्टकडून मेल, किती जणांनी सोडली त्याचा पुरावा पाहिजे, लघवीची कोटिनिन तपासणी (अंगात निकोटिन गेलंय का ते दाखवणारी) करा. करू. पण जो गम खातोय त्याची तपासणी पॉझिटिव्हच येणार कारण गममध्ये निकोटिनच आहे, म्हणजे जो सगळ्यात मनापासून प्रयत्न करतोय तो खोटारडा ठरणार. असं लिहून पाठवलंय, थोडं सौम्य करून.

३ सप्टेंबर, मंगळवार

श्रावण संपला. माझी शंका खरी ठरली आणि मास्तरांचं म्हणणं पण. ६३ पैकी आज २९ जण म्हणतायत एकदाही नाही. १४ जणांनी अमावस्येलाच परत धरली, "महिना पाळला की ताई" असं अभिमानानं सांगून. नऊ जण फोन उचलत नाहीत, ते धरलीच समजायचं. बाकीचे मधलेच, एखादी चिमूट, कुणी दिली म्हणून. ह्या मधल्यांना "मोडलं" म्हणायचं नाही, कुठं, कुणाबरोबर, किती वाजता एवढंच लिहून घ्यायचं.

लिहून घेतल्यावर दिसलं, रात्रपाळीत घसरलेल्यांची वेळ जवळजवळ एकच आहे. रात्री अडीच ते साडेतीन. डोळे मिटायला लागतात, कांडी बदलताना बोट अडकायची भीती, मग तोंडात काहीतरी तिखट पाहिजे. आणि आपण रात्री ९ ला फोन बंद करून झोपतो.

६ सप्टेंबर, शुक्रवार

हरतालिका. सुनेचा उपास, पाणीसुद्धा नाही, मग मिश्री तरी कशी लावणार. मावशींनी पहाटे तेवढंच सांगितलं आणि हसत होत्या.

उद्या गणपती. मंडळात दहा दिवस रात्रभर जागरण, पत्ते आणि पुड्या. रात्रपाळीच्या आठ जणांना विचारलं अडीचला फोन केला तर चालेल का. क-९ म्हणाला "मागाच्या आवाजात ऐकू यायचं न्हाई, पर खिशात थरथरलं तरी कळंल कुणीतरी जागं हाय म्हणून". ठीक आहे, मग बोलायचंच नाही, नुसता मिस्ड कॉल. त्यानं थांबायचं, तोंड धुऊन यायचं, फुटाणे तोंडात टाकायचे आणि जमलं तर परत एक मिस्ड कॉल द्यायचा. खर्च शून्य, डीएलटी नाही, सत्तर अक्षरं नाहीत.

मास्तर आणि मी आळीपाळीनं. आजची रात्र माझी, एक गजर अडीचचा, एक पावणेसहाचा.